गावचे सांडपाणी आणि आपली शाळा

शाळाभेटीच्या वेळी मी मुलांना एक साधा प्रश्न नेहमी विचारीत असतो. "हात धुतलेस, ते पाणी कोठे गेले?" बहुतेक मुले क्षणभर थांबतात आणि "बाहेर" असे उत्तर देतात. "बाहेर म्हणजे कोठे?" असे पुन्हा विचारले, म्हणजे वर्गात शांतता पसरते. पाणी कोठून येते, हे मुलांना तोंडपाठ असते. समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी ही साखळी ती न अडखळता सांगतात. परंतु वापरलेले पाणी पुढे कोठे जाते, हा धडा आपल्याकडून राहून जातो. प्रस्तुत लेख त्या राहिलेल्या धड्याविषयी आहे.

हा विषय ग्रामपंचायतीचा आहे, शाळेचा नव्हे, असे कोणास वाटेल. ते अर्धेच खरे आहे. गटारे बांधणे हे ग्रामपंचायतीचे कर्तव्य आहेच. परंतु घाण पाणी म्हणजे काय, ते अपायकारक का होते आणि ते निर्मळ कसे होते, हे गावास समजावून सांगणारा सुशिक्षित मनुष्य बहुधा शिक्षकच असतो. यास्तव या विषयाची मूलतत्त्वे शिक्षकास नीट अवगत असली पाहिजेत.

सांडपाणी म्हणजे काय

गावात तीन प्रकारचे पाणी वाहते. पहिले पावसाचे. दुसरे नहाणीचे, मोरीचे, कपडे व भांडी धुतल्याचे. यास आपण सांडपाणी म्हणतो. तिसरे शौचालयातून येणारे मैलापाणी. या तिन्ही पाण्यांचे गुणधर्म निरनिराळे आहेत, म्हणून त्यांच्या वाटाही निरनिराळ्या असावयास हव्यात. मोरीचे पाणी थोड्या कष्टाने जमिनीत जिरविता येते किंवा झाडांस देता येते. त्यात एकदा मैला मिसळला, म्हणजे ते सारेच पाणी रोगजंतूंनी भरते आणि शुद्धीकरणाचे काम कितीतरी पटींनी अवघड होते. पावसाचे पाणी शोषखड्ड्यात सोडले, तर एका सरीतच खड्डा गाळाने भरून जातो. तेव्हा पहिला नियम असा की, ज्याचे पाणी त्याच्या वाटेने जाऊ द्यावे.

आता प्रमाणाचा विचार करू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी हे परिमाण धरले आहे. हजार वस्तीच्या गावात ते ५५,००० लिटर होते. पिण्यात, स्वयंपाकात व अन्य रीतीने खर्च होणारा भाग वजा केला, तरी साधारणपणे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. म्हणजे दररोज सुमारे ३५ ते ४० हजार लिटर, अर्थात १०,००० लिटरांचे चार टँकर. पूर्वी दूरच्या विहिरीवरून डोक्यावर हंडा आणावा लागे, तेव्हा पाणी जपून वापरले जाई आणि सांडपाणीही थोडे असे. नळ दारी आला ही मोठी सोय झाली. परंतु जितके पाणी नळाने आत येते, त्यातील बहुतेक मोरीने बाहेर जाते, हा हिशेब अनेक गावांनी केलेला नाही. नळयोजना पूर्ण झाल्यावर गल्लीतील चिखल वाढला, असा अनुभव म्हणूनच पुष्कळ ठिकाणी येतो.

साचलेल्या पाण्याचे अपाय

साचलेले पाणी डोळ्यांस व नाकास त्रासदायक असते, हे सर्वांस दिसते. न दिसणारे अपाय अधिक गंभीर आहेत. क्युलेक्स जातीचा डास घाण पाण्यातच वाढतो आणि हत्तीरोगाचा प्रसार करतो. अंड्यापासून उडता डास होण्यास उष्ण हवामानात सुमारे आठ-दहा दिवस पुरतात. याउलट डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास रांजण, टाकी, टायर अशा ठिकाणच्या स्वच्छ साठ्यात वाढतो. म्हणून डबके बुजविणे आणि आठवड्यातून एक दिवस साठ्याची भांडी घासून कोरडी ठेवणे, ही दोन्ही कामे हवीत. एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

दुसरा अपाय पिण्याच्या पाण्यास होतो. पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ यांचे जंतू व विषाणू मैल्यातून पाण्यात आणि पाण्यातून पोटात जातात. या बाबतीत १८५४ सालची लंडन शहरातील हकिगत शिक्षकांनी मुलांस अवश्य सांगावी. ब्रॉड स्ट्रीट या रस्त्याच्या परिसरात पटकीची साथ आली आणि सहाशेंहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यू कोणत्या घरी झाले याची नोंद केली, तेव्हा बहुतेक घरे एकाच हातपंपाचे पाणी पीत असल्याचे आढळले. त्यांच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढून घेण्यात आला. पुढे खोदून पाहता असे दिसले की, शेजारच्या घराच्या मैलाकुंडाची भिंत पाझरत होती आणि ते कुंड विहिरीपासून जेमतेम तीन फुटांवर होते. आजारी तान्ह्या मुलाचे कपडे धुतलेले पाणी त्याच कुंडात ओतले गेले होते. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखून दाखविला तो १८८३-८४ साली. म्हणजे जंतू कोणास ठाऊक नसतानाही केवळ नीट निरीक्षण व नीट नोंद यांच्या बळावर साथीचे मूळ सापडले. विज्ञान म्हणजे काय, हे मुलांना समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पाणी शुद्ध होते ते कसे

सांडपाण्यात मुख्यतः पाणीच असते. त्यात विरघळलेले व तरंगणारे अन्नाचे कण, तेल, साबण, माती असे पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतात. परंतु हे सेंद्रिय पदार्थ जंतूंचे खाद्य होत. पाण्यात खाद्य आले की जंतू झपाट्याने वाढतात आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात. प्राणवायू संपला, म्हणजे प्राणवायूवाचून जगणाऱ्या जंतूंचे राज्य सुरू होते. ते कुजविण्याचे काम करतात, पण त्यातून दुर्गंधी वायू निघतात आणि पाणी काळे पडते. गटारातील काळा चिखल हा त्याचाच पुरावा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सर्वच जंतू वैरी नव्हेत. सांडपाण्यातील घाण खाऊन तिचे निरुपद्रवी द्रव्यांत रूपांतर करणारे असंख्य सूक्ष्म जीव मातीच्या वरच्या थरात, मुळांभोवती व दगडांवरील बुळबुळीत थरात राहतात. त्यांना प्राणवायू, पुरेसा अवधी आणि झेपेल इतकेच खाद्य मिळाले, तर ते आपले काम बिनबोभाट करतात. मातीतून झिरपताना पाणी गाळले जाते, आणि मातीतील हे जीव त्यातील घाण पचवितात. रोगजंतू माणसाच्या शरीराबाहेर फार काळ तग धरीत नाहीत. मातीतून सावकाश जाताना त्यांपैकी बहुतेक अडकतात आणि मरतात. मोठ्या शहरांतील शुद्धीकरण केंद्रांत पंखे व यंत्रे लावून जे केले जाते, ते मूलतः याच जीवांना प्राणवायू पुरविण्याचे काम असते. गावाला यंत्र नसले तरी माती, सूर्यप्रकाश व जागा ही साधने त्याच्याजवळ आहेत. त्यांचा यथायोग्य उपयोग करणे, एवढेच आपले काम.

शाळेचा शोषखड्डा

शाळेत १०० मुले आहेत असे समजा. जेवणापूर्वी व शौचानंतर मिळून प्रत्येकी दोन लिटर पाणी हात धुण्यास लागले, तर २०० लिटर झाले. पोषण आहाराची भांडी धुण्यास आणखी शंभर-सव्वाशे लिटर लागतील. म्हणजे दररोज सव्वातीनशे लिटरांपर्यंतची व्यवस्था करावयास हवी. एक मीटर लांब, एक मीटर रुंद व एक मीटर खोल खड्ड्याचे घनफळ १,००० लिटर असते. तो दगडांनी भरल्यावर दगडांमधील पोकळी सुमारे ३५ ते ४० टक्के उरते, म्हणजे ३५० ते ४०० लिटर पाणी त्यात मावते. मुरमाड जमिनीत हे पाणी दुसऱ्या दिवसापर्यंत जिरून जाते आणि खड्डा पुन्हा रिकामा होतो.

खड्डा भरताना तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम आणि वर लहान दगड किंवा विटांचे तुकडे घालावेत. अगदी वर काटक्या व जुने गोणपाट पसरून मातीचा थर द्यावा, म्हणजे माती खाली जाऊन पोकळी बुजत नाही. पाणी खड्ड्यात जाण्यापूर्वी एका लहान कुंडीतून जावे. या कुंडीत गाळ खाली बसतो, आणि तिच्या तोंडाशी ठेवलेल्या, तळाला भोके पाडून गवत किंवा नारळाचा काथ्या भरलेल्या मडक्यात अन्नकण व तेलकट अंश अडकतात. हे गवत पंधरवड्यातून एकदा बदलून जुने गवत खतखड्ड्यात टाकावे. शोषखड्डा निकामी होण्याचे कारण बहुधा खड्डा नसतोच. न बदललेले गवत हेच ते कारण असते. तेलकट अंश मातीवर बसला, म्हणजे मातीची सूक्ष्म छिद्रे बुजतात आणि तिला श्वास घेता येत नाही.

काळ्या जमिनीत विशेष काळजी घ्यावी लागते. काळी माती भिजली की फुगते आणि तिची छिद्रे मिटतात. त्यामुळे पाणी जिरत नाही. अशा ठिकाणी खाली मुरूम लागत असेल, तर खड्डा मुरमापर्यंत न्यावा. नाहीतर खड्डा रुंद घेऊन बाजूंनी सुमारे ३० सेंटिमीटर जाडीचा वाळूचा अथवा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. जेथे भूजल अगदी वर आहे, तेथे शोषखड्डा करूच नये. तेथील पाणी झाडांना द्यावे.

आपल्या राज्यात या कामाचे उदाहरण नांदेड जिल्ह्याने घालून दिले. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे अनावश्यक ठरविली. पुढे रोजगार हमी योजनेची जोड मिळून त्या जिल्ह्यातील अनेक गावांत असे खड्डे झाले आणि ही पद्धत 'नांदेड पॅटर्न' या नावाने ओळखली जाऊ लागली. गटार बांधून पाणी दुसऱ्याच्या दारी नेण्यापेक्षा ज्याचे पाणी त्याच्याच अंगणात जिरविणे बरे, हा त्या प्रयोगाचा बोध होय.

माझ्या हातून झालेली चूक

येथे मला स्वतःचा एक अनुभव सांगणे अगत्याचे वाटते. नोकरीच्या आरंभी माझी नेमणूक एका दोनशिक्षकी शाळेत होती. शाळेच्या हातपंपापाशी सदैव चिखल असे. नवशिक्षकाच्या उत्साहाने मी गावातील तरुणांस जमविले आणि दोन दिवसांत शोषखड्डा खणून दगडांनी भरला. चिखल नाहीसा झाला. गावाने कौतुक केले, आणि मलाही आपण मोठे काम केले असे वाटले.

त्या पावसाळ्यात शाळेतील मुले आजारी पडू लागली. प्रथम दोघांस जुलाब झाले, मग आणखी चौघांस. दुसरीतील एका मुलीस तालुक्याच्या दवाखान्यात नऊ दिवस राहावे लागले. गावात आलेल्या आरोग्यसेविकेने हातपंपाचे पाणी बाटलीत घेतले. पाणी पिण्यास अयोग्य ठरले. तिने मला फक्त एवढेच विचारले, "गुरुजी, खड्डा पंपापासून किती अंतरावर आहे?" मी पावले मोजली. ती सहा भरली. पंपाचा ओटाही एका बाजूस तडकलेला होता. पाणी जिथे साचत होते तिथेच मी ते जमिनीत घातले होते, आणि त्याच जमिनीतले पाणी मुले पीत होती.

ती मुलगी बरी होऊन परत आली, हे माझे भाग्य. खड्डा आम्ही बुजविला, ओटा दुरुस्त करून घेतला आणि पन्हळ काढून पाणी दूरच्या झाडांपर्यंत नेले. तेव्हापासून कोणताही खड्डा पाहिला की प्रथम मी पावले मोजतो. विहीर अथवा हातपंप यांपासून शोषखड्डा किंवा शौचालयाचा खड्डा किमान १० मीटर दूर असावा. जमीन खडकाळ असेल, तर १५ मीटर किंवा त्याहूनही अधिक. आपल्याकडील काळ्या पाषाणात भेगा असतात. भेगेतून जाणारे पाणी मातीत गाळले जात नाही, म्हणून तेथे अंतर वाढवावयाचे. शिवाय खड्डा विहिरीच्या उताराच्या खालच्या बाजूस असावा. चांगला हेतू ज्ञानाची उणीव भरून काढीत नाही, हे मी त्या नऊ दिवसांत शिकलो.

परसबाग

सांडपाण्याचा सर्वांत स्वस्त उपयोग परसबागेत होतो. मोरीच्या वाटेवर अळू व केळ लावण्याची आपल्या आजीची रीत शास्त्राला धरूनच होती. केळ, कर्दळ, अळू, पपई, शेवगा ही झाडे असे पाणी आनंदाने घेतात. मात्र कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या भाज्यांस हे पाणी देऊ नये. पाणी पानांवर न शिंपडता मुळांशी सोडावे आणि आळी आलटून-पालटून भिजवावीत, म्हणजे मधल्या काळात माती सुकते व तिच्यात हवा खेळते. साबण व सोडा यांचे पाणी सतत एकाच जागी पडल्यास माती कडक होते. म्हणून वर्षातून एकदा शेणखत घालून ती हलवावी.

शौचालयाचे दोन खड्डे

मैलापाण्याच्या बाबतीत खेड्यास सर्वांत सोयीची रचना म्हणजे दोन शोषखड्ड्यांचे शौचालय. भांड्याच्या वळणात सुमारे २० मिलिमीटर पाण्याचा बांध असतो. त्यामुळे दुर्गंधी व माश्या वर येत नाहीत आणि दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. खड्ड्यांच्या भिंती जाळीदार विटांच्या असतात. पाणी व वायू मातीत शोषले जातात, घन भाग आत राहतो. एक खड्डा भरला की पाण्याची वाट दुसऱ्या खड्ड्याकडे वळवावयाची आणि पहिला बंद ठेवावयाचा. किमान एका वर्षाने त्यातील मैल्याचे मातीसारखे, वास नसलेले खत होते. जंताची अंडी चिवट असतात, म्हणून दोन वर्षे थांबता आल्यास अधिक बरे. दोन्ही खड्डे एकाच वेळी वापरात ठेवण्याची चूक पुष्कळ ठिकाणी आढळते. तसे केल्यास दोन्ही एकदमच भरतात आणि खत तयार होण्यास अवधीच उरत नाही. आपल्या शाळेतील जोडणीकुंडीचे झाकण उघडून एक वाट बंद आहे की नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाहावे.

ज्या शाळांत बंदिस्त मैलाटाकी आहे, तेथे टाकीतून बाहेर पडणारे पाणी स्वच्छ असते असा समज असतो. तो चुकीचा आहे. टाकीत घन भाग बसतो व काही अंशी कुजतो. बाहेरच्या पाण्यात रोगजंतू असतातच. ते पाणी शोषखड्ड्यात गेले पाहिजे, उघड्या गटारात कदापि नव्हे.

स्वच्छतेच्या अतिउत्साहाने रोज तीव्र आम्ल, ब्लीचिंग पावडर किंवा फिनेल भांड्यात ओतले जाते. त्यामुळे खड्ड्यातील उपयोगी जीव मरतात, मैला कुजत नाही आणि दुर्गंधी वाढते. रोजच्या सफाईस ब्रश, पाणी व थोडा साबण पुरेसा आहे.

सर्व गावाचे सांडपाणी

घरोघर खड्डे करूनही काही पाणी उरते. दाट वस्तीत खड्ड्यास जागाच नसते. असे पाणी एकत्र करून गावाच्या खालच्या बाजूस त्यावर प्रक्रिया करता येते. येथेही यंत्र लागतेच असे नाही. स्थिरीकरण तळ्यांच्या पद्धतीत पाणी ओळीने तीन तळ्यांतून जाते. पहिले खोल असते; तेथे गाळ बसतो व कुजतो. दुसरे एक ते दोन मीटर खोल असते. तेथे सूर्यप्रकाशात शेवाळ वाढते, शेवाळ प्राणवायू सोडते आणि त्या प्राणवायूवर जंतू घाण पचवितात. तिसरे उथळ असते; तेथे ऊन व अवधी यांमुळे रोगजंतूंचा नाश होतो. या पाण्यावर शेती करता येते. जागा थोडी असेल, तर खडीच्या वाफ्यात कर्दळ व पाणकणीस लावून पृष्ठभागाखालून पाणी सावकाश वाहू देतात. पाणी उघडे नसल्याने डास होत नाहीत. तळी असोत वा वाफे, काठावरील गवत काढणे, गाळ उपसणे व तोंडाची जाळी साफ ठेवणे ही कामे नियमितपणे झाली नाहीत, तर चांगली रचनाही दोन-तीन वर्षांत डबके होते.

हे काम कोणी करावयाचे

आता या विषयातील सर्वांत कठीण प्रश्नाकडे वळू. खड्डा कसा करावा, हे सांगणे सोपे आहे. गवत कोणी बदलावे, कुंडी कोणी साफ करावी, या प्रश्नापाशी आपली गाडी अडते. घाण साफ करणे हे अमक्या जातीचे काम, ही समजूत आपल्या समाजाने शतकानुशतके जोपासली, आणि त्या समजुतीची किंमत काही थोड्या माणसांनी मोजली. हाताने मैला उचलण्याच्या प्रथेस २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही मैलाटाकीत उतरून विषारी वायूने गुदमरलेल्या माणसांच्या वार्ता आपण वाचतोच.

या बाबतीत महाराष्ट्रात वाट दाखविणारे लोक होऊन गेले. संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) कीर्तनापूर्वी हाती खराटा घेऊन गाव झाडीत. त्यांच्या नावाने २००० साली राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. अप्पासाहेब पटवर्धन यांनी रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, भंगीकाम आपणास करू द्यावे यासाठी १९३२ साली उपोषण केले, आणि येरवड्यात गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढे कणकवली येथील गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्यापासून खत करणाऱ्या साध्या संडासांचे प्रयोग केले. देहू येथे डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयांस बायोगॅस संयंत्र जोडण्याचे काम आयुष्यभर केले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. या तिघांनीही सफाई दुसऱ्यास सांगितली नाही, स्वतः केली.

म्हणून शाळेत सफाईची पाळी लावताना काही नियम काटेकोरपणे पाळावेत. पाळी हजेरीपटाच्या क्रमाने असावी, म्हणजे जात, घर किंवा मुलगा-मुलगी यांवरून काम वाटले जाणार नाही. पहिली पाळी शिक्षकाची असावी. पाळीचा उपयोग शिक्षा म्हणून कधीही करू नये. ज्या दिवशी खराटा ही शिक्षा होते, त्या दिवशी वर्षभराचे शिक्षण वाया जाते. मुलांनी फक्त हात धुण्याच्या जागेची कुंडी, परसबाग व अंगण सांभाळावे. शौचालय, मैलाटाकी व तिचा गाळ यांच्याजवळ त्यांना नेऊ नये. टाकीचा उपसा यंत्राने व ग्रामपंचायतीमार्फतच करवून घ्यावा. टाकीत कोणीही उतरता कामा नये.

वर्गातील पाठ व प्रयोग

हा विषय वेगळ्या तासिकेचा नाही. १९३७ साली वर्धा येथे मांडल्या गेलेल्या नयी तालीमचा आग्रहच असा होता की, हातांनी करावयाच्या कामातून ज्ञान यावे. खालील पाठ कोणत्याही शाळेत विनाखर्च घेता येतील.

१. गणित : आठवडाभर मुलांनी घरी वापरलेल्या बादल्या मोजून घराचे, गल्लीचे व गावाचे सांडपाणी काढावे. शोषखड्ड्याचे घनफळ व त्यातील पोकळी यांचे उदाहरण करावे.

२. विज्ञान : मातीत दोन ठिकाणी एकाच मापाचे लहान खड्डे घ्यावेत. आदल्या दिवशी ते भिजवून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी दोन्हींत सारखेच पाणी ओतून ते किती मिनिटांत किती उतरते, याची नोंद करावी. काळी माती व मुरूम यांतील फरक मुलांना स्वतः दिसेल.

३. विज्ञान : तळाला भोक असलेल्या तीन कुंड्यांत अनुक्रमे खडी, वाळू व बागेची माती भरून गढूळ पाणी ओतावे आणि खाली पडणाऱ्या पाण्याची तुलना करावी. मात्र स्वच्छ दिसणारे पाणी पिण्यास योग्य असतेच असे नाही, हे त्याच पाठात सांगावे. त्यासाठी जलसुरक्षकाकडून तपासणीची बाटली मागून घ्यावी.

४. भूगोल : गावाचा नकाशा काढून त्यात विहिरी, हातपंप, शौचालये, गटारे व डबकी दाखवावीत; अंतरे पावलांनी मोजावीत. डॉ. स्नो यांची हकिगत याच पाठास जोडावी. तयार झालेला नकाशा ग्रामसभेस दाखवावा. मुलांनी मोजलेली अंतरे गावास सहसा नाकारता येत नाहीत.

शेवटी एक विनंती. आपल्या तपासणी नोंदवहीत 'शोषखड्डा : आहे / नाही' असा रकाना असतो. मी अनेक शाळांत 'आहे' हा शब्द वाचला आहे आणि बाहेर जाऊन पाहिले, तर खड्ड्यावर पाणी तुंबलेले व भोवती डास घोंगावताना आढळले आहे. यात लबाडी असते असे मी म्हणत नाही. खड्डा खणला तेव्हा तो खरोखरच होता. परंतु माती हा जिवंत पदार्थ आहे. गोठ्यातील गाईप्रमाणे तिच्याकडे रोज पाहावे लागते. तेव्हा त्या रकान्यापुढे शिक्षकांनी स्वतःहून आणखी दोन गोष्टी लिहाव्यात : गवत शेवटचे कोणत्या तारखेस बदलले, आणि जवळच्या विहिरीपासून किंवा पंपापासून खड्डा किती पावलांवर आहे.

पुढच्या भेटीत मी नोंदवही मागण्यापूर्वी मुलांनाच विचारीन, "हात धुतलेस, ते पाणी कोठे गेले?" एखादे मूल माझा हात धरून मला कुंडीपाशी, तेथून खड्ड्यापाशी आणि पुढे केळीच्या आळ्यापाशी घेऊन गेले, तर त्या शाळेत हा धडा शिकवून झाला असे मी समजेन.